पाठ केलेली तपासणी

मास्तरांचा एखादा शिकाऊ ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाला, असं अकरा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. ही गोष्ट तुम्ही विचारा, न विचारा, ते सांगणारच. शाळेत त्यांनी कधी खडू हातात धरला नव्हता, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. आणि का म्हणू नये? माणसाला गाडी शिकवणं म्हणजे काय खायचं काम आहे? घाबरलेल्या माणसाला चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला शिकवून बघा एकदा, म्हणजे कळेल.

आता खरं सांगायचं तर मास्तर गाडी शिकवत त्याहून जास्त परीक्षा शिकवत. परीक्षक कोणत्या वळणावर थांबवतो, कुठल्या खांबाजवळ गाडी उलटी लावायला सांगतो, हे त्यांना तोंडपाठ. "आरशात बघितलंत एवढ्यावर भागत नाही," ते सांगत, "बघितलंत हे त्याला दिसलं पाहिजे. मान हलवा, मान!" त्यांच्या हाताखालची माणसं त्या ठरलेल्या रस्त्यावर झकास गाडी चालवत, परवाना खिशात घालत आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या फाटकाला जाऊन धडकत. त्या फाटकाशी मास्तरांना काही कर्तव्य नव्हतं.

अशा माणसाच्या पोरीची तपासणी निघाली. मग काय होणार, बोला!

पोरगी दहा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ. बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. एकदा ऐकलेलं कधी विसरायची नाही. आणि हीच पोर, पुढ्यात पुस्तक ठेवलं की अशी मिटून जायची की बघणाऱ्याच्या पोटात तुटावं. सुटं अक्षर तिला ओळखू यायचं, पण चार अक्षरं शेजारीशेजारी आली की जणू तिला बघून जागा बदलायची.

चार वर्षं तिने हे शाळेत लपवलं, आणि कसं लपवलं म्हणता? भल्याभल्यांना जमायचं नाही. वर्गात धडा वाचायची पाळी बाकाबाकाने यायची. ही बाकं मोजायची, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येतोय ते काढायची, मग शेजारणीला "तू किती छान वाचतेस गं, एवढं म्हणून दाखव ना" असं हरभऱ्याच्या झाडावर चढवून तेवढाच भाग ऐकून घ्यायची. पाळी आली की पुस्तकात डोळे घालून घडाघडा म्हणायची. मोजणी चुकली तर नेमकं त्याच वेळी पोट दुखायचं. लेखी पेपरात मात्र ना शेजारीण कामाची, ना पोटदुखी. तोंडीत पैकीच्या पैकी आणि लेखीत भोपळा.

वर्गबाईंनी प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहिलं, 'येतं, पण करत नाही. आळशीपणा.' पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी आईबापांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. तज्ज्ञांकडून मुलीची तपासणी करून घ्या. वाचनाची अडचण आहे असा दाखला मिळाला, तर तिला पेपरात जादा वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळेल, शिवाय आठवड्यातून तीन दिवस वेगळ्या बाई तिला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवतील. दाखला नाही आणला, तर लेखीच्या मार्कांवर तिला याच वर्गात आणखी एक वर्ष काढावं लागेल, धाकट्या मुलांबरोबर.

भिंगरीची आई रुग्णालयात नर्स. तिने त्याच दिवशी तपासणी केंद्रात फोन करून तारीख घेतली. "बरं झालं," ती म्हणाली. "ताप मोजल्याशिवाय का कोणी औषध देतं?"

मास्तरांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घट्ट बसली. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा ही पास व्हायची असते. दाखला म्हणजे त्यांना पोरीच्या कपाळावर मारलेला शिक्का वाटला. उद्या कोणीही उठून म्हणेल, मास्तरांची पोर मंद आहे. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. तज्ज्ञांनीच लिहून दिलं की हिला उत्तम वाचता येतं, तर शाळेची काय बिशाद तिला मागे ठेवायची? असा त्यांचा बिनतोड विचार. लेखी पेपर त्या तज्ज्ञ येऊन लिहिणार होत्या का, हे काही त्यांना सुचलं नाही. एकाच गोष्टीत अकरा वर्षं यश मिळालं की बाकीच्या अकलेला गंज चढतो, तो असा.

आणि योग बघा कसा. त्यांच्याकडे गाडी शिकणाऱ्या एका बाईंच्या मुलाची तपासणी त्याच केंद्रात झाली होती. टेबलावर राहिलेल्या कागदांचा त्या बाईंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. मास्तरांनी तो फोटो मागून घेतला. पन्नास शब्दांची एक यादी होती आणि दीपगृहाच्या राखणदाराचा एक उतारा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. रस्ता कळला, आता गाडी चालवायला कितीसा वेळ!

शिकवणी गाडीतच सुरू झाली, म्हणजे घरात कळायला नको. शाळा सुटली की मास्तर भिंगरीला पुढच्या सीटवर बसवत, मैदानाच्या कडेला गाडी लावत आणि मोबाईल बघून वाचत. ती मागून म्हणायची. यादी तिला दोन दिवसांत पाठ झाली, उतारा तिसऱ्या दिवशी. मास्तर उडालेच. त्यांनी स्वतः तो शंभरदा वाचला होता, तरी त्यांना पाठ आला नव्हता. पण "काय डोकं आहे गं तुझं" असं म्हणायच्या ऐवजी ते म्हणाले, "आता जरा अडखळ. फार सफाईने वाचलंस तर संशय येतो. चौथ्या ओळीत थोडं थांब. आणि ओळीखालून बोट फिरव, त्यांना दिसलं पाहिजे."

"बाबा," भिंगरीने एकदा विचारलं, "पण मला खरंच वाचता येतंय असं त्यांना वाटलं तर?"

"तेच तर वाटायला हवं, बाळा."

"आणि मग?"

"मग काही नाही. सुटलो आपण."

भिंगरी गप्प बसली. ही पोर गप्प बसली की समजावं काहीतरी शिजतंय, पण मास्तरांचं लक्ष मोबाईलवर होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी आईची रुग्णालयातली पाळी ऐनवेळी बदलली, म्हणून मास्तरच पोरीला घेऊन गेले. केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर तीन खुर्च्या, आत एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर घड्याळ, रंगीत ठोकळे आणि जाडजूड फाइल. तपासणीच्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज घोगरा. पालकांनी खरं तर बाहेर थांबायचं असतं, पण भिंगरी दाराशीच पाय रोवून उभी राहिली, तेव्हा बाईंनी मास्तरांना आत घेतलं.

"त्या कोपऱ्यात बसा," त्या म्हणाल्या. "खोकला आला तरी बाहेर जाऊन खोका. एक शब्द बोलायचा नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत."

मास्तर निमूट बसले. आधी ठोकळे झाले. चित्र बघून तसेच ठोकळे जुळवायचे. भिंगरीने ते इतक्या भराभर जुळवले की बाईंनी घड्याळाकडे बघून चष्मा पुसला. मग आकडे झाले. बाई आकडे बोलत, ते हिने सुलट म्हणायचे, मग उलट. मग गोष्ट ऐकून तिच्यावरचे प्रश्न. पोरगी प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती, वर बाईंना "तो माणूस तसा का वागला ते सांगू का?" असं विचारत होती. मास्तरांची छाती गजभर फुलली. आतापर्यंतचं काहीच त्यांनी शिकवलेलं नव्हतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग बाईंनी शब्दांची यादी पुढे ठेवली. तीच! भिंगरीने बोट टेकवलं आणि वाचत गेली. दोन ठिकाणी अडखळली, ठरल्याप्रमाणे. मग उतारा. दीपगृह, राखणदार, वादळ, सगळं अगदी ओळीने आलं, चौथ्या ओळीत थांबणंसुद्धा.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पोरीकडे बघत राहिल्या.

"छान वाचलंस की गं," त्या म्हणाल्या. "शाळेने तर पत्रात काही वेगळंच लिहिलंय. शाळेतही असंच वाचतेस?"

भिंगरीने ओळीखालचं बोट उचलून मुठीत घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "हे असं वाचलं की तुम्ही काय लिहिणार?"

"जे दिसलं ते लिहीन. वाचनात काही अडचण दिसत नाही, असं."

"म्हणजे मला येतं."

"हो."

"म्हणजे मग वर्गबाई म्हणतात तेच खरं ना? मला येतं, पण मी करत नाही."

भिंगरीने वळून कोपऱ्यात बघितलं. मास्तरांना ती नजर कळली आणि त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकाऊ भलतीकडे निघाला की ते पाय दाबतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. अकरा वर्षांची सवय. इथे पायाखाली नुसती फरशी होती. नको गं, ते मनात ओरडले, नको, थोडक्यात राहिलंय.

"मला दुसरा कागद द्या," भिंगरी म्हणाली. "हा मला पाठ आहे. ते शब्दही पाठ आहेत. मी न बघता म्हणून दाखवते."

आणि तिने डोळे मिटून दीपगृहाचा राखणदार पहिल्या शब्दापासून म्हणायला सुरुवात केली. बाईंनी तिसऱ्या ओळीला हात वर केला.

"पुरे. कळलं मला." त्यांनी कागद ओढून घेतला आणि विचारलं, "हे तू का सांगितलंस?"

"कारण मी आळशी नाहीये," भिंगरी म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "मी सगळ्यांपेक्षा जास्त अभ्यास करते. रोज सगळे धडे ऐकून ऐकून पाठ करते. तरी सगळे म्हणतात, येतं पण करत नाही. तुम्हीपण तेच लिहिलंत तर मग मी कोणाला सांगू?"

मास्तरांनी कान टवकारले. ही पोर रोज सगळे धडे पाठ करते? कधी? त्यांना वाटायचं, ती संध्याकाळभर बडबड करत घरात फिरते. ती बडबड म्हणजे हे होतं होय! चार वर्षं एका छताखाली राहून बापाला पत्ता नाही. धन्य तो बाप!

बाईंनी कपाटातून दुसरा संच काढला आणि एक नवा कागद तिच्यासमोर ठेवला. घड्याळजी आणि त्याच्या मांजराचा उतारा, बारा ओळींचा. "कसंही वाच," त्या म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं."

मग मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या मुलीला वाचताना ऐकलं.

घरी हे व्हायचंच नाही. ती अडली की "दे इकडे, मी सांगतो" म्हणून ते पुस्तक ओढून घ्यायचे, आणि त्यात प्रेमच असायचं, नाही कोण म्हणतो? पण आज पुस्तक ओढायला हात पोचत नव्हता. भिंगरी एकेका शब्दाशी झोंबत होती. पहिलं अक्षर धरायची, दुसरं जोडायची, मग पहिलं निसटायचं, परत मागे यायची. कपाळावर घाम आला होता. एक ओळ पूर्ण व्हायला मिनिट लागलं. 'घड्याळ' तिने तीनदा चुकवला, चौथ्यांदा बरोबर धरला, आणि पुढच्या ओळीत तोच शब्द आला तेव्हा तिला तो पुन्हा पहिल्यापासून फोडावा लागला. पहिल्या ओळीला मास्तरांना लाज वाटली. तिसऱ्या ओळीला दया आली. सहाव्या ओळीपर्यंत दोन्ही गेलं आणि ते नुसते बघत राहिले. त्यांनी शेकडो माणसं शिकवली होती. चढावर गाडी दोनदा बंद पडली की धडधाकट माणसं स्टिअरिंग सोडून "मास्तर, मला नाही जमणार" म्हणतात. ही चिमुरडी शंभरदा बंद पडली आणि शंभरदा तिने किल्ली फिरवली. हे धैर्य कुठून आलं हिच्यात? माझ्याकडून तर खासच नाही, त्यांनी मनाशी कबूल केलं.

दहाव्या ओळीला बाईंनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर पुढचं मूल आलं होतं, त्याच्या आईचा आवाज येत होता.

"बास, बेटा," बाई म्हणाल्या. "मला हवं ते मिळालं. दमलीस तू."

भिंगरीचं बोट दहाव्या ओळीवर तसंच राहिलं.

"थांबा, बाई," कोपऱ्यातून आवाज आला. मास्तर उभे राहिले होते. "दोन ओळी राहिल्यात. तिला वाचू द्या."

"तुम्हाला बोलायचं नाही असं सांगितलं होतं मी."

"हो. चुकलं माझं. पण तिला वाचू द्या."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा रोखून बघितलं, मग दाराशी जाऊन बाहेरच्यांना थांबायला सांगून आल्या. भिंगरीने उरलेल्या दोन ओळी वाचल्या. तीन मिनिटं लागली. शेवटचा शब्द संपला तसा तिने कागद दूर सारला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"आता हा पहिला कागद कुठून आला, ते कोण सांगणार?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," भिंगरी तत्काळ म्हणाली. बापाला वाचवायला निघाली होती, गाढव कुठली.

"मी आणला," मास्तर म्हणाले. "पाठही मीच करून घेतला. तिचा काही दोष नाही. मला वाटलं, पास झाली की झालं."

बाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते सगळं इथे सांगत नाही. मास्तरांनी मान खाली घालून ऐकलं, आणि त्यातलं एकही वाक्य त्यांना जास्त वाटलं नाही. शेवटी बाई जरा निवळल्या.

"अहो, हिने कबूल केलं नसतं तर मी हिला धडधाकट ठरवून घरी पाठवलं असतं, आणि उद्या शाळेने हिला आळशी म्हणून मागे बसवलं असतं. माझाच कागद पुढे करून! कळतंय का तुम्हाला?" मग त्या भिंगरीकडे वळल्या. "आणि तू गं. पूर्ण पानभर मजकूर किती दिवसांत पाठ केलास?"

"तीन."

"तीस वर्षं हे काम करतेय मी. मुलं इथे येतात ती झाकायला येतात, आणि ते बरोबरच आहे, कोणाला उघडं पडायला आवडतं? स्वतःहून दुसरा कागद मागणारी तू पहिली. हे काही मी दाखल्यात लिहू शकत नाही, तिथे तशी जागा नाही. म्हणून तोंडी सांगते. शाब्बास."

दाखला मिळणार होता. जादा वेळ, वाचून दाखवायला माणूस, तीन दिवस वेगळ्या बाई, सगळं. बाईंनी ते एकेक करून भिंगरीलाच सांगितलं, बापाला नाही. "शिकायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या, "पण तू वाचशील. हे मी उगाच बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

घरी आल्यावर मास्तरांनी आईला सगळं सांगून टाकलं, फोटोपासून शेवटपर्यंत. ती नुकतीच पाळीवरून आली होती, अंगावर अजून गणवेशच होता. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवून माझ्या हातात देणार होतात तुम्ही! आणि ते निस्तरायचं कोणी, तर दहा वर्षांच्या पोरीने? ती एकटी त्या बाईंसमोर बोलली आणि तुम्ही काय केलंत? नुसते बसून राहिलात?"

मास्तर टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे सरकवत राहिले.

"नाही गं आई," भिंगरी तोंडातला पाव गिळत म्हणाली. "बाई मला मध्येच पुरे म्हणत होत्या ना, तेव्हा बाबाच उठून म्हणाले, थांबा, तिला वाचू द्या. मग मी सगळं वाचलं."